वावरात पाणी मुरत नाही, पांढरं फुटतंय: जिप्समची पोती आणायच्या आधी काय तपासायचं

चोपडा-यावल पट्ट्यात ठिबक बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो, थोडं स्वतःचं वावरही आहे. मला फोन येतो तो ठिबकचाच असतो, भाऊ ड्रीपर चोक झाले, नळी बदलायची का, पण जाऊन बघितलं की नळीचा दोष कमी आणि जमिनीचा-पाण्याचा जास्त निघतो, आणि तोपर्यंत माणसानं एखादं ह्युमिक, एखादं "जमीन भुसभुशीत करणारं" लिक्विड, कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन-चार पोती जिप्सम असं सगळं टाकून झालेलं असतं. तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहितोय. फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर. मधली पायरी गाळू नका, सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो शेवटची पायरी पहिल्यांदा केल्यानं.

आजार कोणता ते आधी. काळ्या जमिनीत सोडियम वाढला की चिकण मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, ओले झाले की सुटे होऊन पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात, वाळले की दगड. ही चोपण जमीन. नुसते क्षार वाढले, सोडियमचा वाटा कमी, तर ती क्षारयुक्त जमीन, तिच्यात पाणी मुरतं पण पिकाला ते ओढता येत नाही. काही ठिकाणी दोन्ही एकत्र. आणि पाणी साचून साचून खराब झालेली चिबड जमीन आणखी वेगळी. उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे म्हणून एवढं बोलतोय, नाहीतर सगळ्यांना "खारवट झाली" एवढाच एक शब्द आहे आणि सगळ्यांवर जिप्सम हा एकच उपाय.

लक्षणं

वावरात सकाळी सकाळी गेलात तर ड्रीपरच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी कड दिसते, दुपारपर्यंत ती अजून ठळक होते. हे क्षारांचं लक्षण. चोपण जमिनीत उलट, बरेचदा पांढरं दिसतच नाही, साचलेलं पाणी वाळल्यावर काळपट तेलकट पापडी राहते, कारण जमिनीतला सेंद्रिय भाग विरघळून वर येतो. ही काळी पापडी दिसली तर पांढऱ्यापेक्षा जास्त सावध व्हा.

पावसानंतर शेजारच्याच्या वावरात वाफसा आला, तुमच्यात अजून पाय रुततोय, आणि दोन दिवस ऊन पडलं की एकदम ढेकळं, मधे वाफसा असा सापडतच नाही. कपाशीची सरकी लावली तर वरची पापडी फोडून कोंब वर येत नाही, उगवण तुटक. नांगर ओलाव्यात चिकटतो, कोरड्यात ढेकूळ काढतो. अंमळनेरकडचे एक आबा एका वाक्यात सांगायचे, "वावरमा पानी मुरत नही", आणि खरंच निम्मं निदान त्यातच आहे.

केळीवर म्हणाल तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करपल्यासारख्या होतात, बाग एकसारखा न दिसता चट्ट्याचट्ट्यानं बसका दिसतो, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, मागेपुढे होते. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं असेल तर लोह मिळत नाहीये, ते चुनखडी जास्त असलेल्या आणि पीएच चढलेल्या जमिनीत होतं, जमिनीत लोह असतं पण मुळाला घेता येत नाही.

इथं एक गल्लत नेहमी होते. कडा करपणं पोटॅशच्या कमतरतेनंही होतं. पानावर मधोमध लांबट ठिपके असतील तर तो करपा, जमिनीचा काही संबंध नाही. आणि बाहेरची पानं पिवळी पडून खोडाशी मोडून लोंबकळतायत, खोड आडवं कापलं तर आतल्या नळ्या तांबूस-तपकिरी दिसतायत, असं असेल तर इथंच वाचणं थांबवा, ते मर रोगाचं लक्षण आहे. त्या झाडाची माती बुटाला, कुदळीला लावून दुसऱ्या बागेत नेऊ नका आणि केळी संशोधन केंद्राला किंवा कृषी विज्ञान केंद्राला लगेच कळवा.

पहिली तपासणी: चट्टा कुठं आहे ते बघा (फुकट)

कागद घ्या, वावराचा चौकोन काढा, कुठं खराब आहे तिथं रेघोट्या मारा. मोबाईलवर वरून दिसणारा नकाशा उघडला तर अजून बरं, उन्हाळ्यातला फोटो असेल तर चट्टे त्यात सुद्धा दिसतात.

खोलगट कोपऱ्यात, खालच्या बांधाला लागून असेल तर निचऱ्याची भानगड आहे. पाटाच्या बाजूनं पट्टा असेल, हतनूरच्या पाटाखालच्या लोकांना हे कळेल, तर पाझर. सगळ्या वावरात सारखंच असेल तर पाणी बघा, कारण बोअर सगळ्या वावराला एकच आहे. आणि फक्त ड्रीपरच्या गोलाच्या कडेनं, मधली जमीन ठीक, तर ते ठिबकच्या पाण्यातले क्षार कडेला जमा होतायत, अजून वेळ गेलेली नाही. माझं म्हणाल तर निम्म्या वावरांचा निकाल इथंच लागतो आणि नेमकं हेच कोणी करत नाही, सगळे सरळ दुकानात जातात.

दुसरी: ढेकूळ पाण्यात टाका (जवळपास फुकट)

ही माझी आवडती. गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा, नाहीतर पावसाचं धरलेलं पाणी चालेल. बोअरचं पाणी अजिबात वापरू नका, त्यात आधीच क्षार असतात आणि त्या क्षारांमुळे माती विरघळायची थांबते, खराब जमीन चांगली दिसते. काचेचा स्वच्छ ग्लास घ्या, त्यात पाणी, आणि खराब जागेतलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका, ढवळू नका, मुलांना हात लावू देऊ नका.

दहा मिनिटांनी बघा. ढेकूळ फुटून बारीक रवा खाली बसला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही, सेंद्रिय कर्ब कमी आहे, जमीन नुसती थकलीय. पण ढेकळाच्या भोवती दुधाळ ढग निघायला लागला, धुरासारखा बाजूला पसरत जातो, दोन तासांनी तो तळावर पसरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुद्धा पाणी गढूळच, खाली काही बसलेलंच नाही, तर चोपण. वावरात पाऊस पडल्यावर हेच होतं, फक्त तिथं ते सुटे झालेले कण छिद्रांत जाऊन बसतात.

सोबत दुसऱ्या ग्लासात बांधावरच्या कडुलिंबाखालची, कधी पाणी न दिलेली माती टाका. तुलना महत्त्वाची, कारण तुमची मूळ जमीन कशी होती ते तीच सांगते. एक अडचण ध्यानात ठेवा: क्षार आणि सोडियम दोन्ही भरपूर असतील तर ढेकूळ पहिल्यांदा धरून राहू शकतं, आणि पावसानं क्षार धुतले गेल्यावर मग जमीन बसते. "आधी बरं होतं, चांगला पाऊस झाला आणि त्या वर्षी वावर गेलं" असं सांगणारे भेटतात, त्यामागे बरेचदा हे असतं.

तिसरी: पहार आणि खड्डा

पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी लोखंडी पहार जमिनीत दाबा. पाच-सहा इंचावर ठक्क करून थांबली आणि त्याखाली परत सहज गेली तर मधे कडक थर बसलाय. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरवला, तेही ओलाव्यात, की हा थर तयार होतोच. हा सोडियमचा दोष नाही, जिप्समनं जाणार नाही, उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत सबसॉयलर (खालचा थर फाडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारला तर सुटतो. ओलं असताना सबसॉयलर मारलात तर पैसे गेले म्हणून समजा, तो नुसता चिखलात चीर पाडतो.

मग दोन-तीन फुटांचा खड्डा घ्या, एक चांगल्या जागी एक खराब जागी. भिंत कुदळीनं तासून नीट बघा. मुळं सरळ खाली जातायत की एका पातळीवर येऊन आडवी वळलीत? पांढऱ्या गाठी दिसतात का, त्या चुनखडीच्या, लिंबू पिळलं की फसफसतात. ही फसफस लक्षात ठेवा, पुढे गंधकाचा विषय येईल तेव्हा कामाला येईल. आणि खड्ड्यात खालून पाणी झिरपतंय का. तीन फुटांच्या आत पाणी लागत असेल तर बाकी सगळ्या तपासण्या बाजूला ठेवा, आधी निचरा.

पाणी किती मुरतं हे बघायला सहा इंची केसिंग पाइपचा फूटभर तुकडा जमिनीत अर्धा ठोका, चार इंच पाणी भरा आणि किती वेळानं उतरतं ते बघा. काळी जमीन ओली झाल्यावर भेगा मिटून तशीही हळूच पाणी पिते, त्यामुळे एकट्या आकड्यावरून घाबरू नका, चांगल्या जागेच्या तुलनेत किती फरक आहे ते बघा.

चौथी: पाणी

इथं जरा थांबून बोलतो, कारण खरं दुखणं आपल्याकडं इथंच आहे.

आपल्याकडचे लोक माती तपासतात, पाणी तपासत नाहीत. माती बिघडलेली दिसते म्हणून. पण केळीला उन्हाळ्यात दिवसाला झाडामागे वीस लिटर पाणी जातं, पाच बाय पाच फुटावर एकरात साधारण 1,740 झाडं बसतात, म्हणजे रोजचे जवळपास पस्तीस हजार लिटर, तीन दिवसांत लाखभर लिटर. त्या पाण्यात जे आहे ते सगळं वावरात राहतं, पाणी उडून जातं.

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर काय होतं बघा. ते जमिनीतल्या कॅल्शियमला धरून चुना करून खाली बसवतं. कॅल्शियम गेला की मातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेतो. म्हणजे पाण्यात सोडियम फार नसला तरी नुसत्या बायकार्बोनेटनं जमीन चोपण होते. किती बायकार्बोनेट उरतं त्याचा आकडा म्हणजे आरएससी. 1.25 च्या आत चांगलं, 1.25 ते 2.5 सांभाळून, 2.5 च्या वर वापरायचं तर उपाय करूनच. ईसी, म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती त्याचा आकडा, 0.75 च्या आत असेल तर निवांत, 2.25 च्या वर गेला तर केळीसारख्या नाजूक पिकाला ते पाणी नाही.

घरातली एक खूण सांगतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. ड्रीपर ते चोक करेल पण जमीन लवकर चोपण करणार नाही. आणि ज्या पाण्यात साबण मस्त फेसाळतो, हात धुतले तरी बुळबुळीत लागतात, घरचे म्हणतात नवीन बोअरचं पाणी छान हलकं आहे, ते पाणी वावरासाठी तपासून घ्या. खोल गेलेल्या बोअरला असं पाणी बरेचदा लागतं. ही फक्त खूण आहे, रिपोर्ट नाही, तिच्यावर विसंबून बोअर बंद करू नका.

नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लॅबला द्या. शीतपेयाची बाटली धुऊन चालते, फवारणीच्या औषधाची नाही. लॅबमध्ये फक्त "पाणी तपासा" म्हणू नका, पीएच, ईसी, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड आणि त्यावरून आरएससी व एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते) असं लिहूनच द्या. खर्च एका मिश्र खताच्या पोत्यापेक्षा जास्त नाही. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण पातळी खाली गेली की पाण्याचा गुण बदलतो आणि आपल्या पट्ट्यात पातळी दर उन्हाळ्यात कुठं जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

पाणी खराब निघालं तर जमीन सुधारायच्या सगळ्या गप्पा पाण्यापासून सुरू होतात. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, त्या पूर्णेच्या खोऱ्यात वर अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे, तिथला माणूस बोअरचं पाणी पिकाला द्यायला धजत नाही, शेततळ्यात पावसाचं पाणी धरतो. आपल्याकडं पाणी तेवढं वाईट नाही म्हणून आपण बेफिकीर आहोत. शेततळं असेल, पाटाचं पाणी मिळत असेल तर बोअरच्या पाण्यात मिसळून द्या, निदान लागवडीच्या सुरुवातीला रोप कोवळं असताना तरी.

पाचवी: माती, पण नीट सांगून

जमीन आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, त्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, पीएच, ईसी आणि सेंद्रिय कर्ब. सोडियम त्यात नाही. त्यामुळे पत्रिका हिरवीगार आणि वावर चोपण असं होऊ शकतं, आणि होतंही. तुम्हाला वेगळं सांगून ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांवर सोडियमचा टक्का, आणि मुक्त चुनखडीचा टक्का आणि जिप्समची गरज हे काढून घ्यायचंय.

ईएसपी 15 च्या वर, पीएच 8.5 च्या वर आणि ईसी 4 च्या आत म्हणजे चोपण. ईसी 4 च्या वर आणि ईएसपी 15 च्या आत म्हणजे क्षारयुक्त. दोन्ही वर म्हणजे क्षारयुक्त-चोपण. पण आपल्या भारी काळ्या जमिनीत 15 ची वाट बघू नका, तिची माती त्याच्या बऱ्याच आधी बसायला लागते. आणखी एक, हा 4 चा आकडा मातीचा लगदा करून काढलेल्या पाण्याचा आहे. साध्या लॅबमध्ये एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी काढतात, तिथं आकडा आपोआप लहान येतो आणि 1 च्या वर गेला की विचार करायला लागतो. 1.3 आला, चारच्या आत आहे म्हणून खुश होणारे भेटतात.

चांगल्या आणि खराब जागेची माती वेगळी घ्या, एकत्र करू नका. एक फुटापर्यंतची वेगळी, त्याखालच्या फुटाची वेगळी. खत टाकल्यावर लगेच, बांधाजवळ, शेणाच्या ढिगाजवळ घेऊ नका. ड्रीपरच्या खालची आणि दोन ड्रीपरच्या मधली यात सुद्धा फरक असतो, दोन्ही ठिकाणाहून घ्या.

सहावी: सवयी, इथं खर्च कमी आणि फायदा लवकर

पहिला पाऊस पडला की सगळे मोटर बंद करतात. रोहिण्यांचा, मृगाचा पहिला हलका पाऊस ड्रीपच्या गोलाच्या कडेला जमलेले क्षार विरघळवून परत मुळाकडं ढकलतो, आणि दुसऱ्या दिवशी पानं जळालेली दिसतात, मग म्हणतात पावसात काहीतरी होतं. पहिल्या हलक्या सरींच्या वेळी लाईट असेल तर ड्रीप चालू ठेवा, पाणी मुळापासून बाहेरच्या दिशेनं वाहत राहू द्या. जोरदार पाऊस आला की बंद. लोक हसतात, करून बघा.

रोज थोडं थोडं पाणी देणं ठीक आहे पण मधून एखादं पाणी लांबवा म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातील. हे फक्त निचरा असेल तर. निचरा नसेल आणि जास्त पाणी दिलं तर चिबड.

क्लोराईड जास्त निघालं असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या जागी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, महाग आहे, पण म्युरेटमध्ये क्लोराईड असतंच आणि आपण केळीला पोटॅश भरपूर देतो. लॅटरलची, म्हणजे ड्रीपर असलेल्या नळ्यांची, टोकं उघडून आठवड्याला फ्लश करा. ड्रीपरवरच्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळा, फसफसला तर चुना. तो काढायला आम्लप्रक्रिया करावी लागते, त्याचं खाली सांगतो.

केळी काढल्यावर खोडं बाहेर फेकू नका, पऱ्हाट्या जाळू नका, बारीक करून जमिनीत द्या. केळीवर केळी, पिलबागावर (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली बाग) पुन्हा केळी असं वर्षानुवर्षं केलं तर जमिनीला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धत होती, अजूनही काही गावांत आहे, सगळं लाभक्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात एक पीक, पुढच्या वेळी दुसरं, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. ती सगळी व्यवस्था आज उभी करा म्हणत नाही, पण जमीन आलटून पालटून वापरायची ही गोष्ट त्या लोकांना ठिबक नसताना कळलेली होती. तेवढी तरी घेता येते: मृगबाग (मृगाच्या सुमारास लावलेली केळी) निघाला की मधे हिरवळीच्या खताचा एक ढैंचा घ्या, फुलावर यायच्या आत साधारण दीड महिन्यानं गाडा. ढैंचा चोपण जमिनीत सुद्धा येतो, मुळं खाली वाट करतात आणि कुजताना जो कार्बन डायऑक्साईड निघतो तो जमिनीतला चुना थोडा थोडा विरघळवून कॅल्शियम मोकळा करतो. हरभरा, घेवडा तिथं लावू नका, कपाशी जास्त सहन करते.

सातवी: चर

वरचं सगळं करून पाणी उतरत नसेल तर खालच्या बांधाला तीन-चार फूट खोल उघडा चर. चर खोदणं सोपं, त्यातलं पाणी कुठं जाणार ते अवघड. नाल्यापर्यंत उतार पाहिजे, मधे शेजाऱ्याचं वावर असेल तर आधी त्याच्याशी बोला, खोदून झाल्यावर नाही. चराचं तोंड शेजाऱ्याच्या बांधावर सोडलं तर दोन वर्षांत त्याचं वावर चिबड आणि तुमची कोर्टाची तारीख. वाट नसेल तर चर खोदू नका, ते नुसतं लांबट डबकं होतं.

आठवी: जिप्सम आणि गंधक, आता कुठं

जिप्सम म्हणजे कॅल्शियम, तो मातीच्या कणावरचा सोडियम ढकलून देतो. पण ढकललेला सोडियम पाण्याबरोबर खाली जायला हवा. निचरा नसेल तर तो तिथंच फिरत राहतो आणि उन्हाळ्यात परत वर येतो. म्हणून सातवीच्या आधी आठवी नाही. लॅबनं जिप्समची गरज जी काढून दिली त्याच्या निम्मं एका वर्षी, निम्मं पुढच्या वर्षी, मे मध्ये टाकून वरच्या सात-आठ इंचात मिसळा म्हणजे आपल्याकडचा सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस धुण्याचं काम करेल. प्रमाण टनात येतं, दोन-चार पोत्यांनी काही होत नाही. नुसती क्षारयुक्त जमीन असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजच नाही, तिला चांगलं पाणी आणि निचरा लागतो.

पाण्याचा आरएससी जास्त असेल तर हिशेब असा: लाख लिटर पाण्यातला एक आरएससी कमी करायला 8.6 किलो शुद्ध जिप्सम. समजा तुमचा 5 आहे आणि 2.5 वर आणायचाय, म्हणजे लाख लिटरला साडेएकवीस किलो, ऐंशी टक्के शुद्धतेचा माल धरला तर सत्तावीस. वर काढलं तसं तीन दिवसांत लाख लिटर जातं, म्हणजे भर उन्हाळ्यात एकराला महिन्याला पावणेतीनशे किलोच्या आसपास. हे ठिबकमधून सोडू नका, नळ्या जातील, वर्षाचा हिशेब काढून जमिनीत द्या. आणि हा आकडा बघून कळेल की एकदा जिप्सम टाकून सुटका का होत नाही, खराब पाणी चालू आहे तोपर्यंत दर वर्षी द्यावंच लागतं.

खड्ड्यातल्या गाठी लिंबानं फसफसल्या होत्या का? मग चुना तुमच्याच जमिनीत आहे, गंधकानं तो मोकळा करता येतो. एक किलो गंधक साधारण साडेपाच किलो जिप्समचं काम करतं. पण जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला पाहिजे, त्यासाठी ओल, ऊब, शेणखत आणि वेळ लागतो. कोरड्या मेलेल्या जमिनीत टाकलेलं गंधक पुढच्या वर्षी तसंच पिवळं दिसतं.

कुठं थांबायचं

पाणी तीन फुटांच्या आत आहे आणि नाल्याला उतार नाही, तर भूमिगत निचरा लागतो, छिद्रं असलेले पाइप फिल्टर गुंडाळून तीन-चार फुटांवर किंवा त्याहून खोल टाकतात, सांगली-कोल्हापूरकडं ऊसवाल्यांनी हे बरंच केलंय. दोन नळ्यांतलं अंतर, उतार हे सर्व्हे केल्याशिवाय ठरत नाही, गावातल्या जेसीबीवाल्याच्या अंदाजावर करू नका.

पाटाचा पाझर असेल तर ते एकट्याचं काम नाही, पाच-दहा जणांनी मिळून पाणीवापर संस्थेतून लेखी द्यायचं, जमीन सुधारत बसायचं नाही.

ठिबकची आम्लप्रक्रिया पहिल्यांदा करताय तर जाणकार माणूस समोर ठेवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि क्लोरीनच्या भांड्याजवळ तर मुळीच नाही, विषारी वायू निघतो.

ईएसपी 15 च्या वर, आरएससी 2.5 च्या वर, दोन्ही एकदम आले तर दुकानदाराचा सल्ला बंद करा. रावेर-यावलवाल्यांना पालचं कृषी विज्ञान केंद्र जवळ, जळगावकडं ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारला आपापली केंद्रं आहेत. नवीन बोअर अजून खोल घ्यायचा विचार असेल तर आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा, खोलातलं पाणी जास्त खराब लागलं तर बोअरचा खर्च आणि जमीन दोन्ही जातं.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. वावराचा तो रेघोट्या मारलेला कागद, पाण्याचा रिपोर्ट, दोन्ही जागांच्या मातीचे रिपोर्ट, ग्लासाचे दहा मिनिटांचे आणि दुसऱ्या दिवशीचे फोटो, आणि गेल्या दोन वर्षांत काय काय खत टाकलं त्याची बिलं. बिलं लपवू नका, लिक्विडवाल्याचंही न्या. बोअर कधी घेतला, किती फुटांवर पाणी लागलं, नंतर अजून खाली नेला का, हे पण लिहून ठेवा, तिथं पहिला प्रश्न तोच विचारतात.